चंद्रपूरची वीस मिनिटं

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला ‘सौर अभियंता’ म्हटलं. आधी तेवढं दुरुस्त करून घेतो, नाहीतर पुढचं सगळं बोलणं खोट्या पाटीखाली होईल. मी अभियंता नाही. डिप्लोमा नाही, आयटीआयसुद्धा नाही. नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. दहावी झालो, पण वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. ते पुढं सांगतो. त्याआधी तेवीस वर्षं मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात मोटारी भरत होतो.

शहरातल्या मंडळींना वाटेल, मोटारी भरायच्या म्हणजे ट्रकमध्ये चढवायच्या. (हशा) तसं नाही. शेतकऱ्याची पाण्याची मोटार जळते. तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार दोन फेजवर घुरघुरत राहिली, किंवा व्होल्टेज इतकं पडलं की तिला उचलता येईना, की आतली तांब्याची तार काळी पडते. ती जळकी तार उपसून काढायची, ती बसते त्या खाचा म्हणजे स्लॉट साफ करायचे, नवा कागद घालायचा, नव्या कॉइल वळून त्यात बसवायच्या, बांधायच्या, व्हार्निश पाजायचं, वाळवायचं. ह्याला आमच्याकडं मोटार भरणं म्हणतात. पंधराव्या वर्षी मी एका दुकानात हेल्पर म्हणून लागलो. पहिलं वर्ष नुसती जळकी तार ओढण्यात गेलं. तांबं भंगारात विकलं जातं, त्यामुळं तारेचा तुकडासुद्धा इकडंतिकडं जाऊ द्यायचा नाही, ही पहिली शिकवण.

आता ही जळकी तार सहजासहजी निघत नाही. व्हार्निशमुळं ती स्लॉटमध्ये दगडासारखी बसलेली असते. मग आम्ही काय करायचो? दुकानामागं तीन विटा मांडायच्या, त्यावर मोटारीचा स्टेटर, म्हणजे तार बसलेला, न फिरणारा भाग, ठेवायचा आणि खाली जाळ घालायचा. रबराचे तुकडे, जुनं ऑइल, भुसकट, जे हाताला लागेल ते. व्हार्निश जळून राख झालं की तार सरसर ओढून निघते. काम झटपट. उस्तादांनी असंच शिकवलं, मीही पुढं पोरांना असंच शिकवलं.

त्यात काय चुकत होतं हे मला वीस वर्षं माहीत नव्हतं. स्टेटर म्हणजे अखंड लोखंड नसतं. पातळ पत्र्याच्या चकत्या एकमेकींवर रचलेल्या असतात आणि प्रत्येक चकतीवर इन्सुलेशनचा पातळ थर असतो. जाळ साडेतीनशे अंशांच्या पुढं गेला की तो थर जळतो. मग चकत्या आतल्या आत एकमेकींना चिकटल्यासारख्या वागतात, लोखंडातच प्रवाह फिरायला लागतात आणि वीज नुसती उष्णता होऊन वाया जाते. मोटार चालते, पाणीही तेवढंच फेकते. फक्त वीज थोडी जास्त खाते. आणि ते कुणाला कळायचं? आमच्या भागात कितीतरी कनेक्शनांना मीटरच नव्हता, बिल हॉर्सपॉवरवर. पाच एच.पी. म्हणजे पाच एच.पी.चे पैसे, मग मोटार काटकसरी असो की खादाड. शेतकऱ्याचं जात नव्हतं, माझं जात नव्हतं, म्हणून ते कुणाचंच जात नव्हतं.

हे एवढं खोलात सांगतोय कारण आयोजकांनी मला विषय दिला ‘पदवीशिवाय व्यवसाय बदलताना’ आणि खाली कंसात ‘हवामानबदलाची जबाबदारी’. दोन विषय दिसतात. माझ्यापुरते ते त्या तीन विटांवर एकत्र येतात.

आता २०१९ च्या पुराकडं येतो. तुमच्यातल्या अनेकांनी तो पाहिलाय. सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. आमच्या तालुक्यात आठ-दहा दिवस पाणी हललं नाही. कुणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला शिव्या देत होतं, कुणी धरणातून पाणी कधी सोडलं त्यावर भांडत होतं, कुणी पूररेषेतल्या बांधकामांकडं बोट दाखवत होतं. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होतं. पाऊसही त्यातलाच एक. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, हे साधं भौतिकशास्त्र आहे. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामानसंस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. ह्यावरून अमुक एक पूर हवामानबदलानंच आणला असं सिद्ध होत नाही. एका पुराचं अख्खं बिल एकाच्या नावावर फाडता येत नाही. पण यादीत त्याचं नाव आता पक्कं झालंय.

माझ्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर शटर उघडलं तर आत गुडघाभर गाळ. तो काढायच्या आतच बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या राहिल्या. नदीकाठच्या सगळ्या मोटारी पाण्याखाली गेलेल्या. दुकानापुढं रस्त्याच्या कडेला मोटारींचा ढीग, प्रत्येकीवर ऑइलपेंटनं मालकाचं नाव. आम्ही चौघं दोन महिने रात्रंदिवस काम करत होतो. खरं सांगतो, आयुष्यात एवढे पैसे मी कधी मिळवले नव्हते. दोन महिन्यांत वर्षाची कमाई.

त्या ढिगात एका आण्णांची मोटार होती. सत्तरीचे असतील. २००५ च्या पुरातही त्यांची मोटार मीच भरली होती. उसाचा चार एकराचा प्लॉट कुजलेला. पैसे मोजून हातात देताना म्हणाले, “तुमचं ब्येस हाय. आभाळ फाटलं तरी तुमचं साजरं.” रागानं नाही म्हणाले. हसून म्हणाले. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माणूस खोटं बोलला असता तर मी विसरलो असतो.

लगेच काही धंदा सोडला नाही. असे किस्से सांगणारे पुष्कळ भेटतात, एका वाक्यानं आयुष्य बदललं वगैरे. माझं बदललं नाही. घराचं कर्ज पतसंस्थेत होतं. बदललं ते २०२० मध्ये, टाळेबंदीत, दुकान बंद असताना. धाकट्या भावाला मी म्हटलं, तू दुकान बघ, मी सोलरचं शिकतो. माझ्या डोक्यात तेव्हा वातावरण वगैरे दहा आणे आणि धंदा सहा आणे होता असं सांगायला मला आवडलं असतं. होतं उलटं. गावात सोलर पंप यायला लागले होते आणि मला कळलं होतं की ह्या मोटारी आमच्या दुकानात कमी येणार.

प्रशिक्षणासाठी चौकशी केली. केंद्र सरकारचा ‘सूर्यमित्र’ म्हणून कार्यक्रम २०१५ पासून होता, पण त्याला दहावी आणि वर आयटीआय किंवा डिप्लोमा लागायचा. एका केंद्रावर गेलो. खिडकीतल्या मुलानं फॉर्म हातात घेतला, शिक्षणाच्या रकान्यात ‘नववी’ बघितलं आणि फॉर्म परत सरकवला. काही वाईट बोलला नाही. मी म्हटलं, तेवीस वर्षांचा अनुभव आहे. तो म्हणाला, “काका, अनुभवाला रकाना नाही.” त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? रकाना नव्हताच.

मग मी एका सोलर ठेकेदाराकडं हेल्पर म्हणून लागलो. एकोणचाळिसावं वर्ष, रोज चारशे रुपये. ज्यांच्या हाताखाली होतो ते साहेब सव्वीस वर्षांचे, डिप्लोमावाले. ते मला काका म्हणायचे आणि मी त्यांना सर म्हणायचो, दोघंही अवघडलेले. घरी आमच्या हिनं एकच विचारलं, “किती दिवस?” मी म्हटलं, वर्ष. तिनं कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला. ती तारीख उलटून गेली तेव्हा मी अजून हेल्परच होतो. तिनं काही म्हटलं नाही, पण ते पान बरेच दिवस उलटलंही नाही.

लोक म्हणतात, हातात कला असली की कुठंही निभावतं. अर्धंच खरं आहे. हात जे शिकलेले असतात, तेच कधी कधी नडतं. माझे हात एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर, शिकलेले. आपल्या घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते. म्हणून चालू वायर सोडवताना ठिणगी उडाली तरी ती आपोआप तुटते. पॅनेलमधून येते ती डीसी, एकाच दिशेनं वाहणारी. ती शून्यावर जातच नाही. दुसऱ्या महिन्यात एका छपरावर सहा पॅनेलची माळ होती, तीनशेच्या आसपास व्होल्ट, कडक ऊन. एक कनेक्टर नीट बसला नव्हता. इन्व्हर्टर चालू असताना मी तो सवयीनं खेचला. ठिणगी उडाली नाही, ती लांबत गेली. मी कनेक्टर लांब नेतोय आणि पांढरी निळसर ज्योत दोन टोकांमध्ये ताणत चाललीय, वेल्डिंगसारखी. आवाज येतो, कापड फाटल्यासारखा. हा अंगठा बघा, नख अजून वाकडंच येतं. तेवीस वर्षं विजेत काढलेल्या माणसाला नवशिक्या पोरापेक्षा जास्त धोका होता, कारण पोरगं घाबरलं असतं. मला भीतीच नव्हती.

दुसरी चूक सावलीची. तेव्हा मी स्वतः कामं घ्यायला लागलो होतो. मे महिन्यात एका घरावर तीन किलोवॉटची सिस्टिम बसवली. पाण्याची काळी टाकी बाजूला होती, पण सावली कुठंच पडत नव्हती. पडेल कशी? आमच्याकडं मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर असतो, त्यानंतर थोडा उत्तरेलाच झुकतो. डिसेंबरात त्या गृहस्थांचा फोन, युनिट निम्मी झाली. जाऊन बघितलं तर सूर्य दक्षिणेला खाली गेलेला आणि टाकीची सावली दोन पॅनेलवर आडवी पडलेली. माळेतल्या एकाचा दम कोंडला की सगळ्या माळेला त्रास होतो. स्ट्रक्चर उचलून पलीकडं नेलं, खर्च माझा. अभियंत्याच्या मुलानं कागदावर सूर्याचा कोन काढला असता. मी ज्या महिन्यात छपरावर उभा होतो त्याच महिन्याचा सूर्य धरला.

म्हणून सांगतो, ‘डिग्रीत काय ठेवलंय’ असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. बहुतेक वेळा ते सांगणाऱ्याच्या मुलाची डिग्री चालू असते. (हशा) डिग्री नसण्याची किंमत मी मोजलीय, नखात मोजलीय आणि पैशातही मोजलीय. आजही छतावरच्या सिस्टिमची फाईल वीज कंपनीकडं जाते तेव्हा चाचणीच्या कागदावर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते. काम माझं, सही दुसऱ्याची. पूर्वी ह्याचा मला राग यायचा. आता येत नाही. त्या छपरावर उद्या कुणाचं पोर पतंग काढायला चढणार आहे. कुणीतरी कायद्यानं त्याला जबाबदार असलं पाहिजे, आणि तो माणूस कोण हे ठरवायला काहीतरी परीक्षा लागणारच. माझं भांडण परीक्षेशी नाही. त्या परीक्षेला बसण्याआधी वयाच्या पंधराव्या वर्षाचा दाखला मागतात, त्याच्याशी आहे. हात तपासा ना माझे. इन्सुलेशन तपासायचा मेगर द्या हातात, मोटार द्या, आणि विचारा काय बिघडलंय. अशा पद्धतीनं आधीच्या अनुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे, आणि ती मला पुढं मिळाली. पण ती आहे हे मला सांगितलं एका चहावाल्यानं, खिडकीतल्या मुलानं नाही.

आणि दहावी. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. माझी थोरली त्याच वर्षी दहावीला. संध्याकाळी एकाच टेबलावर दोघं. ती भूमितीचं प्रमेय पाठ म्हणायची, मी नुसता बघायचो. बीजगणित मला कळायला लागलं ते तिनं कॉइलचे वेढे घालून समजावल्यावर: इतक्या स्लॉटला इतके वेढे, तर एका स्लॉटला किती. मी म्हटलं, हे तर मी रोज करतो. ती म्हणाली, “पप्पा, मग एक्स कशाला घाबरायचा?” तिला अठ्ठ्याऐंशी टक्के, मला बावन्न. पेढे एकत्रच वाटले, त्यामुळं कुणाचे पेढे कुणाला कळलं नाही.

आता दुसऱ्या विषयाकडं. आजवर मी ३४० छपरांवर पॅनेल बसवली. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून तर फोन थांबत नाही. तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. ह्या ३४० पैकी किती लोकांनी पृथ्वीसाठी पॅनेल घेतलं, तर एकानंही नाही. बिलासाठी घेतलं, अनुदानासाठी घेतलं, समोरच्यानं घेतलं म्हणून घेतलं. शेतकऱ्यांनी सोलर पंप घेतला तो दिवसा पाणी मिळावं म्हणून. रात्री दोनला लाइट येणार, अंधारात उसात दारं धरायला जायचं, पायाखाली साप आहे का वायर आहे कळत नाही. त्याला जर कुणी म्हटलं की तू कार्बन वाचवतोयस, तर तो म्हणेल, वाचू दे, मी झोपतोय. मला ह्यात काही कमीपणा वाटत नाही. चांगलं काम चांगल्या हेतूनंच झालं पाहिजे हा हट्ट कीर्तनात ठीक आहे. कोळशाला हेतू कळत नाही.

उलटही बघितलंय. एका घरी पॅनेल बसवलं, तिसऱ्या महिन्यात एसी आला. “आता वीज फुकटच आहे की.” सोलर पंपाचंही तसंच, दिवसभर पाणी फुकट उपसता येतं, बोअर खोल चालल्यात. ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. मी त्यांना पॅनेल विकलंय, उपदेश विकला नाही.

मध्यंतरी मला वाटायला लागलं की मी काही फार मोठं करतोय. सत्कार व्हायला लागले, शाली जमायला लागल्या. तेव्हा एका रात्री थोरलीला घेऊन हिशोब मांडला. तुम्हीही मनात मांडा. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतं. तीन किलोवॉटचं घर, पावसाळ्याची तूट धरून, वर्षाला चार हजार युनिट. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागं सरासरी सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका छपरामागं वर्षाला पावणेतीन टनांच्या आसपास. ३४० छपरं, साडेनऊशे टन. मला वाटलं, वा!

मग थोरली म्हणाली, आता चंद्रपूरचं काढू. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. पूर्ण क्षमतेनं चाललं तर तासाला २९ लाख २० हजार युनिट. तिथं सगळा कोळसाच, म्हणून युनिटमागं साधारण एक किलो धरला. तासाला जवळजवळ तीन हजार टन. माझे वर्षाचे साडेनऊशे टन त्यात घालून बघितले. वीस मिनिटं. माझी सगळी छपरं, सगळी उन्हं, हे नख, कॅलेंडरवरचा तो गोल, सगळं मिळून वर्षाला चंद्रपूरची वीस मिनिटं.

थोरली हसली, मीही हसलो. शाली दुसऱ्या दिवशी कपाटात वरच्या खणात गेल्या.

पण हिशोब तिथं थांबला नाही. मला त्या तीन विटा आठवल्या. तेवीस वर्षांत माझ्या हातून सहा-सात हजार मोटारी गेल्या असतील. जाळावर तापवून त्यातल्या निम्म्याच बिघडल्या असं धरू. त्यातल्याही निम्म्या आता भंगारात गेल्या असं धरू. राहिल्या सतराशे. पाच एच.पी.ची मोटार वर्षाला दीड हजार तास चालली तर साडेसहा हजार युनिट खाते. माझ्या जाळानं त्यात दोनच टक्के वाढले असं धरलं तर मोटारीमागं १३० युनिट. सतराशे मोटारी, सव्वादोन लाख युनिट, दीडशे टन. दरवर्षी. त्याला छपरांनी भागलं तर पंचावन्न छपरं. म्हणजे पहिली पंचावन्न छपरं मी दुनियेचं काही भलं करत नव्हतो. माझंच जुनं देणं फेडत होतो, जे माझ्या वहीत कधी लिहिलंच नव्हतं. आकडे अंदाजाचे आहेत, दोन टक्क्यांच्या जागी एकच धरा, मग सत्तावीस होतील. देणं असतंच.

मगाशी चहाच्या वेळी एका तरुणानं विचारलं की अमेरिकेनं धूर सोडायचा आणि आपण का निस्तरायचं? प्रश्न अगदी बरोबर आहे, त्याला गप्प बसवू नका. भारतातल्या माणसामागं वर्षाला सुमारे दोन टन, अमेरिकेतल्या माणसामागं चौदाच्या आसपास. आतापर्यंत साठलेल्या धुराचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. आणि ‘तुमचा कार्बन फूटप्रिंट मोजा’ हे घरोघरी पोचवलं कुणी, तर बीपी ह्या तेल कंपनीच्या जाहिरातींनी, ह्या शतकाच्या सुरुवातीला. तेल उपसणाऱ्यानं गिऱ्हाइकाला सांगायचं की हिशोब तू ठेव. आमच्याकडं ह्याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात.

आपल्या देशातही सरासरी फसवी आहे. आमच्या कारखान्याच्या तळावर बीडकडची ऊसतोड करणारी माणसं पालात राहतात. त्यांच्या पालात एक बल्ब. ऊन वाढलं तर सगळ्यात आधी त्यांच्या पाठीवर वाढतं. त्यांना दोन टनांची जबाबदारी सांगायला मी जाणार नाही, आणि कुणी निघालं तर त्याला वाटेत थांबवीन.

मग माझी जबाबदारी कुठून आली? डोक्यामागं किती टन, ह्या हिशोबानं नाही आली. मी जाळ घालत होतो म्हणून आली. तापमान माझ्या हातात होतं. शेतकऱ्याच्या हातात नव्हतं, त्याला आतल्या चकत्या दिसतसुद्धा नाहीत. मी जुनी चारचाकी वापरतो, कामावर जाताना डिझेलच जाळतो, मटण खातो. ह्याबद्दल मला फारसं काही वाटत नाही, कुणाला वाटत असेल तर वाटो. पण ज्या कामात मी पारंगत आहे, जिथं दुसऱ्याला दिसत नाही आणि मला दिसतं, तिथलं माझ्यावर आहे. बँकेतल्या माणसाला दिसतं कर्ज कशाला जातंय. वास्तुविशारदाला दिसतं की पश्चिमेची भिंत काचेची केली तर एसी किती टनी लागेल. चंद्रपूरचा स्विच माझ्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे त्यांना विचारायचं कामही आहेच. मतदार म्हणून आपण ते फार कमी करतो. २०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायू सोडून इतर साधनांचा झाला, त्याच्या बातम्या झाल्या. पण प्रत्यक्ष तारेतून येणाऱ्या विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. क्षमता म्हणजे ताटं मांडणं, वाढप वेगळं.

माझ्या स्वतःच्या घरामागं अकरा फुटकी पॅनेल पडून आहेत. कुठं वादळात उडालेली, कुठं माकडानं दगड टाकलेली. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत सोलर पॅनेलही आलंय, पण आमच्या तालुक्यातला भंगारवाला त्याची ॲल्युमिनियमची चौकट तेवढी काढून घेतो आणि काच टाकून देतो. म्हणून मी ती देत नाही. पाचोळ्याखाली पडून आहेत. पंचवीस वर्षांनी ३४० छपरांची मिळून दोन हजारांवर पॅनेल होतील, तेव्हा काय करायचं हे मी आजच कुणाला तरी विचारलं पाहिजे.

शेवटचं, भावाच्या दुकानाबद्दल. ते अजून मोटारी भरतं. तीन विटा मात्र मोडल्या. भट्टी घेतलीय, तिला तापमानाचा काटा आहे, लाल रेघेपुढं जाऊ द्यायचा नाही. एका मोटारीला पूर्वीपेक्षा चार तास जास्त लागतात आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. भाऊ ते मला ऐकवतो.

त्या दुकानाच्या भिंतीवर आम्ही पुराच्या रेघा मारल्यात. २००५ ची गुडघ्यावर, २०२१ ची कमरेपर्यंत, २०१९ ची छातीला. गावात कुणाकडं इन्व्हर्टर बसवायचा असला की मालक म्हणतो, जिन्याखाली बसवा, सोयीचं पडतं. मी आधी विचारतो, एकोणीसला तुमच्याकडं पाणी कुठवर होतं? ते हात लावून दाखवतात. मी तिथं खडूनं खूण करतो आणि तिच्यावर हातभर सोडून इन्व्हर्टर बसवतो. मागच्या महिन्यात एका घरी हातभर सोडलं, शिडीवरून खाली उतरलो, परत चढलो आणि दीड हात केलं. केबल चार फूट जास्त लागली. तिचे पैसे मी बिलात लावले नाहीत.